वाडीत नेट घ्यायचंय, पण जुलैत दुरुस्तीला येणार कोण?

प्रश्न : आम्ही फेब्रुवारीत इंग्लंडहून गुहागर तालुक्यातल्या माझ्या सासरच्या घरी कायमचे राहायला आलो. माझा जन्म तिकडचाच. माझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे. नवऱ्याचा पासपोर्ट भारतीय आहे, आधारही आहे, पण आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडला. माझी नोकरी तिकडच्याच कंपनीत, घरून करायची, दुपारी दीड ते रात्री साडेनऊ. दिवसभर व्हिडिओ मीटिंगा आणि व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट. एका कंपनीच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकला तर 'सेवा उपलब्ध' असं आलं, म्हणून पैसे भरले. आठवड्याने माणूस आला, पाखाडीवरून खाली बघितलं आणि 'इथे पोल नाही' म्हणून परत गेला. मोबाइलला खळ्यात रेंजची एक काडी, माजघरात शून्य. तिकडून चांगला राउटर आणलाय, तो चालेल का? आणि पावसात इथे नेट बंदच असतं असं सगळे सांगतात, ते खरं का? – एक वाचक, गुहागर तालुका

सप्रेम नमस्कार.

भरलेले पैसे आधी परत मागा. जोडणी देता येत नाही हे कंपनीच्याच माणसाने सांगितलंय, तेव्हा पूर्ण रक्कम मिळायला हवी. फोनवर तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका आणि 'पोल नाही' हे उत्तर संदेशात लेखी मागून घ्या.

हे असं का झालं? इंग्लंडातला पोस्टकोड सरासरी पंधराएक घरांचा असतो, त्यामुळे तो टाकला की तुमच्या दारापर्यंत तार येते की नाही ते कळतं. आपला पिनकोड एका टपाल कार्यालयाचा. त्यात कितीतरी गावं आणि त्या गावांच्या वाड्या. नाक्यावरच्या चार दुकानांत फायबर पोचली की अख्खा पिनकोड 'उपलब्ध' दिसू शकतो. म्हणून इथली चौकशी संकेतस्थळावर नाही, पायी करायची. वाडीत किंवा शेजारच्या वाडीत ज्या घरात नेट चालू आहे तिथे जा आणि विचारा: कोणाचं घेतलंय, तार कुठून आणली, गेल्या जुलैत किती दिवस बंद होतं, आणि बंद पडलं की फोन कोणाला करता? शेवटच्या प्रश्नाला एखादा टोल-फ्री नंबर हेच उत्तर असेल तर सावध व्हा. माणसाचं नाव आणि मोबाइल नंबर मिळाला, वर 'तो येतो पण संध्याकाळी' अशी कुरकुरही ऐकू आली, तर ती जोडणी विचारात घेण्यासारखी.

आमचं स्पष्ट मत आहे की कोकणातल्या वाडीत स्पीड सगळ्यांत शेवटी बघायचा. चांगल्या दर्जाच्या व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी चारेक एमबीपीएस पुरतात. त्यावर व्हीपीएन, फायली आणि सासूबाईंची मालिका धरली तरी ३० ते ५० एमबीपीएसचा प्लॅन तुम्हाला भरपूर आहे. ३०० चा प्लॅन घेतला म्हणून तुटलेली तार लवकर जोडली जात नाही. तुमच्या कामाची वेळ मात्र अडचणीची आहे. संध्याकाळी सात ते दहा ही गावातल्या वापराची सर्वांत गर्दीची वेळ, आणि वळवाचा व परतीचा पाऊस विजांसकट येतो तोही बहुतेक दुपारनंतरच. हिवाळ्यात तिकडची घड्याळं बदलली की तुमचं काम अडीच ते साडेदहा होईल, म्हणजे गर्दीची सगळी वेळ तुमच्याच वाट्याला. त्यामुळे कोणतीही जोडणी बघायला जाल ती रात्री आठ-नऊला बघा. सकाळी अकराची स्पीड टेस्ट तुमच्या उपयोगाची नाही.

पहिली पसंती फायबरलाच. गावोगावी बीएसएनएलची फायबर पुष्कळदा स्थानिक भागीदारामार्फत चालते. हा बहुधा पूर्वीचा केबल टीव्हीवालाच असतो. शेवटची तार त्याने स्वतःच्या खर्चाने ओढलेली असते आणि बिलातला वाटा त्याला मिळतो, म्हणजे तुमची लाईन चालू राहण्यात त्याचाही पैसा गुंतलेला असतो. म्हणूनच एकाच कंपनीचं नेट एका गावात उत्तम आणि खाडीपलीकडच्या गावात रडतं असं होतं. खासगी कंपन्यांच्या फ्रँचायझीही अशाच चालतात. तेव्हा कंपनी निवडण्याआधी भागीदार निवडा. ग्रामपंचायतीत भारतनेटची, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत नेट नेणाऱ्या सरकारी योजनेची, फायबर आली आहे का आणि तिथलं यंत्र चालू आहे का, हेही ग्रामसेवकांना विचारून ठेवा. तिथून घराघरांत जोडण्या देणारा कोणी असेल तर तोही एक मार्ग.

भागीदाराला तीन प्रश्न विचारा. एक, गावातली लाईट गेल्यावर तुमचं नेट किती वेळ चालतं? फायबरच्या मधल्या स्प्लिटरना (एका तारेतला प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या डब्यांना) वीज लागत नाही, पण जिथून प्रकाश सोडला जातो ते यंत्र एक्स्चेंजमध्ये असतं, नाहीतर कोणाच्या तरी ओटीवरच्या कपाटात. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्या असतात. कपाटात एक छोटा इन्व्हर्टर असेल तर लाईट गेल्यावर दोन तासांत सगळी वाडी बंद, मग तुमच्या घरी कितीही मोठी बॅटरी असो. दोन, स्प्लाइसिंगचं, म्हणजे फायबर वितळवून जोडायचं, मशीन तुमचं स्वतःचं आहे की चिपळूणहून आणावं लागतं? तीन, माझ्या घरापर्यंत तार कोणकोणाच्या जागेतून येणार?

हा तिसरा प्रश्न तांत्रिक नाही, तरी कोकणात सर्वांत जास्त जोडण्या तिथेच अडतात. 'पोल नाही' याचा अर्थ बहुधा एवढाच, की मुख्य तारेपासून तुमच्या घरापर्यंत दोनशे-तीनशे मीटर अंतर आहे आणि मधे भावकीच्या बागा आहेत. ज्यांच्या कुंपणावरून तार जाणार त्यांच्याकडे नवऱ्याला आणि सासऱ्यांना आधी पाठवा, केबलवाल्याला नंतर. नंतर सांगितलं तर तार पहिल्याच आंबा उतरवणीत 'चुकून' तुटते. महावितरणच्या खांबांवरून परवानगीविना तार ओढलेली असेल तर लाईनमन ती कधीही उतरवू शकतो. ती परवानगी भागीदाराने घेतली आहे का, तेही विचारा. ठरावीक लांबीच्या पुढच्या तारेचे पैसे मीटरवर घेतात. ते द्या, पण मार्ग तुम्ही ठरवा.

मार्ग ठरवताना वर बघत चाला. तार माडाखालून नेली तर एक ना एक दिवस झावळी पडणार. फणसाच्या आणि आंब्याच्या फांद्या वाऱ्यात हलतात, त्यामुळे झाडाला आवळून बांधलेली तार काही महिन्यांत आतून पिचते. बाहेरून ती धड दिसते, आतली काच गेलेली असते. वानरं तारेवरून उड्या मारतात ते वेगळंच. शक्य तिथे गडग्याच्या पायथ्याशी शेतीसाठी मिळणारा काळा एचडीपीई पाइप टाकून त्यातून तार न्या. जांभ्यात खोल चर खणायची गरज नाही. पाइप गडग्याला टेकवून वर दगड ठेवले तरी उंदीर, ऊन आणि गुरांचे पाय यांपासून बचाव होतो. फक्त भाताच्या रोपासाठी भाजावळ होते त्या तुकड्याच्या कडेने पाइप नेऊ नका. दर उन्हाळ्यात तो वितळेल आणि दर उन्हाळ्यात भांडण होईल.

ड्रॉप केबल, म्हणजे घरापर्यंत येणारी शेवटची तार, किमान दोन कोअरची (आत काचेचे दोन तंतू असलेली) मागा. जोडणीला एकच कोअर लागते, पण एक पिचली तर दुसऱ्या कोअरवर अर्ध्या तासात काम होतं. नाहीतर अख्खी तार बदलावी लागते. घराजवळ दहाएक मीटर केबलचं वेटोळं शिल्लक ठेवायला लावा, कारण प्रत्येक दुरुस्तीत थोडी तार कापली जातेच. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं, भोकात शिरत नाही. भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायचं आणि सिलिकॉनने बुजवायचं. साध्या चपट्या ड्रॉप केबलच्या कडेला ताण घेणारी पोलादी तार असते. ती बाहेरच्या भिंतीवरच्या क्लॅम्पपाशी संपवा, घरात आणू नका. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, पोलादातून वाहते, आणि विजेच्या दिवसांत हा फरक महागात पडतो.

आता मोजमाप. जोडणी झाल्यावर माणसाकडे पॉवर मीटर असतो. त्यावरचा आकडा तुमच्यासमोर घ्यायला सांगा आणि फोटो काढून ठेवा. आकडा उणे डीबीएममध्ये (हे प्रकाशाच्या ताकदीचं माप) येतो; उण्यापुढचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. उणे १८ ते उणे २२ असेल तर छान. घरातलं यंत्र साधारण उणे २७ पर्यंत प्रकाश ओळखतं, म्हणून उणे २५-२६ असतानाही नेट सुरू होतं आणि माणूस 'चालू झालं' म्हणून निघून जातो. पण दर तीन डीबीला प्रकाश निम्मा होतो. पावसात एखाद्या जॉइंट बॉक्समध्ये पाणी शिरलं, एखादं वळण जरा जास्त आवळलं गेलं, की राहिलेली एक-दोन डीबी संपतात आणि दिवा लाल होतो. 'पावसात नेट बंदच असतं' असं लोक म्हणतात त्यामागे लाईट जाणं असतं, तुटलेल्या तारा असतात आणि उन्हाळ्यातच काठावर सोडलेल्या अशा जोडण्याही असतात. काचेतल्या प्रकाशाला पाऊस लागत नाही.

आकडा वाईट का येतो तेही माहीत असू द्या, म्हणजे वाद घालता येईल. एक ते आठ स्प्लिटर सुमारे साडेदहा डीबी खातो. असे दोन लागोपाठ लावले की एकवीस गेल्या. किलोमीटरभर फायबर मात्र जेमतेम तिसरा हिस्सा डीबी खाते, म्हणजे 'तुमचं घर लांब आहे म्हणून' हे कारण सहसा खोटं असतं. खरं कारण बहुधा जोडांमध्ये सापडतं. मशीनवर वितळवून केलेला स्प्लाइस एक दशांश डीबीच्या आसपास घेतो. हाताने दाबून लावायचा फास्ट कनेक्टर सुरुवातीला अर्धा डीबी घेतो आणि दमटपणात, धुळीत, आतलं जेल सुकत गेल्यावर वाढत जातो. तेव्हा घरातल्या टोकालाही तयार पिगटेल (कनेक्टर आधीच बसवलेला फायबरचा तुकडा) स्प्लाइस करून मागा, थोडे जास्त पैसे पडले तरी. हिरव्या टोकाचा कनेक्टर निळ्या टोकाच्या खाचेत बसतो, पण दोन्हींचा कोन वेगळा असल्याने प्रकाश वाया जातो, हिरव्याला हिरवाच.

घरातली यंत्रं पडवीत किंवा ओटीवर लावू नका, सोयीचं दिसलं तरी. समुद्राकडून येणारी खारी हवा ॲडॉप्टरच्या पिनेवर हिरवट गंज चढवते, आणि मग यंत्र दिवसातून चार वेळा आपोआप बंद-चालू होतं. लोक कंपनीला शिव्या घालतात. दोष पिनेचा असतो. मृगाआधी एकदा आणि दिवाळीत एकदा पिना कॉन्टॅक्ट क्लीनर फवाऱ्याने पुसा. मुंग्यांना आणि पालींना हे उबदार डबे फार आवडतात, म्हणून भिंतीवर उंच, उभे, हवा लागेल असे लावा. मिटलेल्या कपाटात नको.

तुमचं घर जांभ्या चिऱ्याचं असणार, भिंती फूटभर किंवा जास्त. पाच गिगाहर्ट्झचं वायफाय अशी एक भिंत कसंबसं ओलांडतं, दुसरी नाही. २.४ गिगाहर्ट्झ जरा पुढे जातं, पण मीटिंगसाठी त्यावर विसंबू नका. कामाच्या टेबलापर्यंत सरळ कॅट-सिक्स ही इथरनेटची तांब्याची केबल ओढा, लॅपटॉपला तारेनेच जोडा. कौलांखालून नेणार असाल तर पीव्हीसी पाइपमधून, उंदरांसाठी. एका ओढीची मर्यादा शंभर मीटर, घरात तेवढी लागणारच नाही. दुसऱ्या खोल्यांसाठी त्याच केबलवर एक ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) बसवा. बिनतारी मेश संचांवर पैसे घालवू नका. त्यांची दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात तीही त्याच जांभ्यातून. बाहेरच्या खोलीत किंवा गोठ्याच्या माळ्यावर ऑफिस थाटणार असाल तर दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकू नका, फायबरच टाका. जवळ वीज पडली की अशा तांब्याच्या तारेने दोन्हीकडची यंत्रं एकदम जातात.

तुमच्या राउटरबद्दल. व्होल्टेजचा प्रश्न नाही, तिकडेही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच. फक्त चौकोनी पिनांचा प्लग बदला. कन्व्हर्टर प्लगवर कायमचं चालवू नका, ढिला बसतो आणि तापतो. ॲडॉप्टर बदलायचा झाला तर व्होल्ट तंतोतंत तेवढेच, ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त. राउटर तिकडच्या कंपनीने दिलेला असेल तर तो बहुधा परत करायचा असतो, आणि कुलूपबंदही असतो. स्वतः विकत घेतलेला असेल आणि त्याला इथरनेट वॅन पोर्ट (बाहेरचं नेट आत घेणारं तोंड) असेल, तर तो इथल्या फायबरच्या डब्याच्या मागे उत्तम चालेल. नुसतं टेलिफोनच्या तारेचं तोंड असेल तर उपयोग नाही. फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, मात्र इथलाच लागतो. त्याचा अनुक्रमांक त्यांच्या यंत्रात नोंदवल्याशिवाय जोडणी सुरू होत नाही. डबा विकत दिला की अनामत रकमेवर, हे पावतीवर लिहून घ्या. बऱ्याच ठिकाणी पीपीपीओई पद्धतीचं लॉगिन असतं. युजरनेम आणि पासवर्ड पहिल्याच दिवशी मागून घ्या, नंतर तो कोणालाच आठवत नाही.

पीपीपीओईमुळे एक खोड निघते: साध्या साइट उघडतात, व्हीपीएन जोडलं जातं, पण त्यातून काही पानं किंवा फायली नुसत्या लटकतात. डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार १५०० वरून १४९२ बाइटवर येतो आणि व्हीपीएनचं ओझं त्यात मावत नाही. व्हीपीएनमध्ये एमटीयू, म्हणजे हाच कमाल आकार, १४०० करून बघा. दुसरी गोष्ट, इथल्या बहुतेक जोडण्यांत अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक आयपीमागे (नेटवरच्या पत्त्यामागे) असतात. तुमच्याकडून बाहेर जाणाऱ्या व्हीपीएनला त्याने सहसा अडचण येत नाही, पण ऑफिस ठरावीक आयपीलाच परवानगी देत असेल तर स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी वेगळे पैसे भरून घ्यावा लागेल. आणि लंडनच्या सर्व्हरला जाऊन यायला सव्वाशे-दीडशे मिलिसेकंद लागणारच, महागड्या प्लॅननेही ते कमी होत नाहीत. बोलताना किंचित उशीर जाणवेल, सवय होते.

वीज. ओएनटी बहुधा १२ व्होल्टवर चालतो आणि राउटरसकट दहाएक वॉट घेतो. बाजारात मिळणारा ८८०० एमएएचचा मिनी यूपीएस म्हणजे प्रत्यक्षात साधारण ३२ वॉट-अवर. घट धरून अडीच तास. घेण्याआधी दोन्ही ॲडॉप्टरांवरचे व्होल्ट बघा, काही राउटर ९ व्होल्टचे असतात. तुमच्या आठ तासांच्या पाळीला तो पुरणार नाही, म्हणून घरच्या इन्व्हर्टरवर ही लाईन घ्या. १५० एएचच्या बॅटरीवर फक्त नेट आणि लॅपटॉप चालवले तर दिवस सहज निघतो. तरी मिनी यूपीएस मधे ठेवाच. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होताना क्षणभर वीज तुटली तर ओएनटी पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि मीटिंगमधून तुम्ही गायब होता. गडगडाट जवळ आला की ॲडॉप्टर भिंतीच्या बोर्डातून काढून नुसत्या मिनी यूपीएसवर काम चालवता येतं, हा त्याचा मोठा फायदा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही.

फायबर जमली तरी दुसरा मार्ग लागेल, आणि तो वेगळ्या वाटेने येणारा हवा. दोन कंपन्यांच्या दोन तारा एकाच रस्त्याच्या कडेने येत असतील तर एक जेसीबी दोन्ही तोडतो. हायवेचं काम, पाण्याच्या योजनेचे चर, कोकणात खणणं बाराही महिने चालू असतं. म्हणून दुसरा मार्ग मोबाइलचा. ५जी एअरफायबर म्हणजे मोबाइल टॉवरवरून बिनतारी येणारं घरगुती नेट; त्याचा डबा छपरावर बसवतात. टॉवर सड्यावर आणि घर खाली माडापोफळींत, अशी स्थिती असेल तर ३.५ गिगाहर्ट्झची लहर पानांतच मरते, पावसाने भिजलेल्या पानांत तर जास्तच. माणसाला बोलावण्याआधी ५जी फोन घेऊन कोणाला तरी छपराच्या आढ्यापर्यंत चढवा, दुपारी एकदा आणि रात्री नऊला एकदा. नेटवर्क मोजणाऱ्या ॲपमध्ये आरएसआरपी (सिग्नलच्या ताकदीचा आकडा) उणे ९५ च्या आत असेल तर जोडणी घेण्यासारखी, उणे ११० च्या पलीकडे असेल तर नको. एअरफायबरची महिन्याची मर्यादा बहुधा १००० जीबी असते, फायबरची ३३००. तुम्हाला दोन्ही पुरतात. छपरावरच्या डब्यातून घरात तांब्याची केबल येते, तेव्हा अर्थिंग नीट करून घ्या.

५जी नसेल तर साधा ४जी राउटर आणि टॉवरच्या दिशेने रोखलेले दोन बाहेरचे अँटेना. अँटेनाची केबल पाच मीटरपेक्षा लांब नको, कमावलेला सिग्नल तिच्यातच जातो. लांब न्यायचं तर राउटरच वर न्या आणि खाली इथरनेट आणा. तिकडचा ४जी राउटर असेल तर त्यात बँड (मोबाइल लहरींचे पट्टे) ३, ५ आणि ४० आहेत का बघा. ब्रिटनमध्ये चालणारा बँड २० इथे नाही. टॉवर कोणाचा जवळ आहे हे वाडीतल्या पोरांना अचूक माहीत असतं. आणि गणपतीत हा मार्ग फार धरू नका. चाकरमानी आले की प्रत्येक टॉवरवर चौपट फोन चढतात. त्या आठवड्यात रजा टाकणं जास्त शहाणपणाचं.

तिकडे कोणी उपग्रहाच्या डिशचा संच आणायला सुचवेल. परदेशात घेतलेला असा संच इथे आणून परवानगीविना चालवणं बेकायदेशीर आहे. पाहुण्यांकरवी मागवू नका.

कागदपत्रांचं सोपं आहे, क्रम चुकला नाही तर. जोडणी नवऱ्याच्या नावावर घ्या. बंद पडलेला नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो, म्हणजे आज आधारचा ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर जात असेल. आधी नवं सिम घ्या. दुकानात बोटाच्या ठशावर आधार पडताळणी होते, जुन्या नंबरचा ओटीपी लागत नाही. मग आधार केंद्रात किंवा टपाल कार्यालयातल्या आधार खिडकीवर जाऊन नवा नंबर जोडा. त्यासाठी कोणताही कागद लागत नाही, थोडं शुल्क लागतं. ते झाल्यावर जोडणीचा अर्ज. पत्त्यासाठी वीजबिल मागतात आणि ते बहुधा आजोबांच्या नावावर असतं; त्याऐवजी घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला बरोबर ठेवा. आधारची झेरॉक्स द्याल तिच्यावर 'फक्त ब्रॉडबँड जोडणीसाठी' आणि तारीख लिहा, शक्यतो शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार द्या.

तुमच्या सिमसाठी मूळ पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड घेऊन कंपनीच्या स्वतःच्या दालनात जा, गावातल्या रिचार्जच्या दुकानात नको. त्यांच्या यंत्रात हा प्रकार बसत नाही आणि तुमची फेरी फुकट जाते. आधार तुम्हालाही मिळू शकतं, पण अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. फेब्रुवारीत आलात, म्हणजे ऑगस्टनंतर.

बिलावर १८ टक्के जीएसटी धरून हिशेब करा आणि वर्षाचे पैसे एकदम भरू नका, सवलत कितीही असो. सुरुवातीला दर महिन्याचे महिन्यालाच भरा. जुलै निभावून नेला तर सहा महिन्यांचे. तारेचं काम मृगाआधी उरकून घ्या. सात जूननंतर ओल्या खांबावर कोणी चढणार नाही आणि चढवूही नये. आगोटीच्या गडबडीत केबलवाल्यालाही स्वतःच्या घराची शाकारणी असते, तेव्हा आजच फोन करा. अधिकृत तक्रारीचा मार्ग आहे, आधी तक्रार केंद्र आणि तिथे न सुटल्यास कंपनीचं अपिलीय प्राधिकरण, आणि पैशाच्या वादात तो वापरा. तुटलेल्या तारेसाठी मात्र त्या माणसालाच फोन लावा.

फोन लावण्याआधी डब्यावरचे दिवे बघा. एलओएसचा दिवा लाल असेल तर प्रकाशच येत नाही, म्हणजे तार कुठेतरी तुटली किंवा पिचली. आधी पॅचकॉर्ड (डब्यात खोचलेली पातळ फायबर) कुठे दुमडली गेली नाही ना, ते बघा. झाडलोटीत हे नेहमी होतं. पॉनचा हिरवा दिवा लुकलुकत असेल तर प्रकाश येतोय पण नोंदणी होत नाही, म्हणजे सिग्नल अशक्त किंवा डबा बिघडलेला. पॉन स्थिर आणि तरीही नेट नसेल तर तार धड आहे. लॉगिन, बिल किंवा पुढची लाईन बघायची. शेजारच्या घरातही बंद आहे का, तेही विचारून घ्या. हे सगळं फोनवर एका वाक्यात सांगितलंत तर तो येताना मशीन घेऊन यायचं की नाही हे त्याला कळतं, आणि मशीन आणायला पुन्हा परत जाण्यात त्याची संध्याकाळ जात नाही.